खांदेकऱ्याची पहिली लढाई

"पाच जण मारतायत आणि मधे एकटा माणूस आहे. मारणारे तुम्ही घ्या काका, मार खाणारा मी होते," यूम्ना म्हणाली आणि वीस बाजूंचा फासा तिने कमलाकरपुढे सरकवला.

कमलाकरने हात मागे घेतला. "मला हीरो करनार बोललीस ना?"

"हीरो नंतर येतो. गुंड देवेश खेळणार होता, पण तो तापाने फणफणलाय. आता तुमच्याशिवाय कोण आहे?"

कामोठ्यातल्या एका ट्यूशन क्लासची ती खोली. रविवार सकाळ, बाकं भिंतीला लावलेली. यूम्ना वर्षभर हा खेळ रचत होती. यात पडदा नाही, मोबाइल नाही. टेबलाभोवती बसायचं, एकेकाने एकेक पात्र व्हायचं, तोंडाने लढायचं आणि घाव लागला की नाही ते फाशाला विचारायचं. तिच्या खेळातले महाशक्तीवाले आकाशातून उतरत नव्हते, पनवेलच्या रस्त्यांवर वावरत होते. त्यातला पहिला तिने कमलाकरवरून घेतला होता.

त्याचं कारण खिडकीशी बसलं होतं. तिचे अब्बा, अब्दुल्ला. काठी मांडीवर आडवी, उजव्या हाताची बोटं वाकडी.

चौदा वर्षांपूर्वी अब्दुल्ला न्हावा शेवाहून ट्रेलर चालवायचा. संपात त्याने गाडी बाहेर काढली, म्हणून पळस्प्याजवळच्या एका बंद गॅरेजमागे पाच जणांनी त्याला गाठलं. संध्याकाळी मागच्या रस्त्यावर पोलिसांच्या गाडीला कमलाकर दिसला, रक्ताने भिजलेल्या अब्दुल्लाला खांद्यावर घेऊन चाललेला. त्याच गाडीने दोघांना दवाखान्यात नेलं. कमलाकरला शाल मिळाली, पेपरात फोटो आला. मारणारे सापडले नाहीत.

तेव्हापासून दर ईदेला अब्दुल्लाचं बोलावणं यायचं आणि कमलाकर काहीतरी सांगून टाळायचा. केलेला उपकार मिरवत नाही, असं लोक त्याच्याबद्दल म्हणायचे. आज यूम्नाच रिक्षा घेऊन दारात उभी राहिली.

तिने पात्राचा कागद पुढे केला. "नाव खांदेकरी. जखमी माणसाला खांद्यावर घेतलं की याला त्याचं वजन लागत नाही. पण त्याचं दुखणं याच्या अंगात उतरतं. प्रत्येक शक्तीला किंमत असते, हा माझा मुख्य नियम."

"खांदेकरी मयताला लागतात, पोरी."

"अय्या! मग बदलते."

"राहू दे," खिडकीतून अब्दुल्ला म्हणाला. "नाव छान आहे."

कमलाकर कागदाकडे बघत राहिला. "आनि वजन लागू दे त्याला. शुद्ध गेलेला मानूस लय जड होतो."

यूम्नाने ते लिहून घेतलं. "प्रत्येकाला वीस दम. घाव बसला की दम कमी. शून्यावर माणूस पडतो. त्याला हलता येत नाही, बोलता येत नाही, काही कळत नाही."

"कळतं," अब्दुल्ला म्हणाला. "हलता येत नाही, तेवढं खरं. पण ऐकू येतं. तसं लिही."

कमलाकरने चहाचा कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

लढाई सुरू झाली. पहिले फासे त्याने चाचरत टाकले. एकाने कानाखाली मारली, दुसऱ्याची लाथ पोटात बसली. यूम्ना एकेक आकडा खोडत होती. तिसऱ्या फेरीला तो खुर्चीच्या कडेवर सरकला.

"असं मारून पडायचा नाय हा. मागून ये. गुडघ्याच्या लवणीत घाल जॅकचा दांडा. उभा मानूस दुमडतो."

फासा गडगडला. अठरा.

"पडले मी. तोंड झाकून घेतलंय."

"मंग हातावर मार. बोटांवर. बोटं फुटली का हात सुटतो, जबडा मोकळा होतो." तो स्वतःच पुन्हा फासा टाकत होता. "सतरा! घाल जबड्यावर. पुन्ना. वरडतोय तर गळ्यावर पाय दे. पाय दे बोललो ना!"

त्याची मूठ टेबलावर आदळली. चहा सांडला. यूम्नाची पेन्सिल थांबली.

"काका, तुम्हाला एवढं बारीकसारीक कसं माहीत?"

कमलाकरने कपाळावरचा घाम पुसला. "ट्रेलरच्या यार्डात हयात गेली आमची. मारामाऱ्या लय पायल्या."

तिने वळून विचारलं, "अब्बा, तुम्हाला त्रास होत असेल तर इथेच थांबू."

"चालू दे. नीट चाललंय."

"ठीक. मी शून्यावर. गुंड पांगले. आता खांदेकरी येतो."

तिने नवा कागद पसरला, त्यावर चौकटी आखल्या. मधोमध गॅरेज. डावीकडे हायवे आणि दवाखाना. उजवा कोपरा रिकामा दिसत होता, तिथे तिने मागचा रस्ता आणि त्याच्या टोकाला पाण्याने भरलेली जुनी खाण काढली. मग एक लाकडी सोंगटी कमलाकरच्या हातात दिली.

"हा तुम्ही. हे बटण म्हणजे मी. उचला मला. एका पाळीत सहा घरं."

कमलाकरने बटण सोंगटीवर ठेवलं. त्याचा श्वास अजून बसला नव्हता. मान खाली घालून तो घरं मोजू लागला. एक. दोन. तीन. बटण घसरलं, ते त्याने अंगठ्याने दाबून धरलं. चार. पाच.

"काका, उलट चाललात तुम्ही," यूम्ना हसली. "दवाखाना डावीकडे आहे."

सोंगटीवरचं बोट जागच्या जागी थांबलं.

"उलट नाही, बेटा," अब्दुल्ला म्हणाला. "त्या दिवशीही काका मला खाणीकडेच नेत होते."