सोफे हलले तेव्हा

“सर, ते पाहुण्यांचे सोफे उचला. पोरांना रेषेला खेटून बसवा, मग बघा आवाज!” कॉलेजच्या बास्केटबॉल टीमची कप्तान असताना मृण्मयीने सरांमागे हीच भुणभुण लावली होती.

सोफे हलले, पण ती लग्न होऊन, खेळ सोडून गेल्यावर. माहेरपणाला आलोच आहोत तर निदान एक मॅच रेषेजवळून बघू, म्हणून आज ती पाच महिन्यांच्या लेकीला घेऊन पोरांच्या गर्दीत बसली.

पहिली बास्केट पडली आणि असा गलका उठला, की तिच्या अंगावर काटा आला. पलीकडून सर ओरडले, “बघ, तुझंच ऐकलं शेवटी!”

लेक मात्र दचकून किंचाळू लागली. छातीशी धरलं, थोपटलं, तरी थांबेना.

“काकू, तिला बाहेर न्या ना, घाबरलीये ती,” शेजारची मुलगी कळवळून म्हणाली. दोन वर्षांपूर्वी हिने ताई म्हटलं असतं.

दाराबाहेर तिने लेकीचा एक कान छातीशी दाबला, दुसऱ्यावर तळवा धरला. आत पुन्हा छप्पर उडेल असा जल्लोष झाला. लेक हळूहळू निवली. मृण्मयीला स्वतःचे कान झाकायला मात्र हात उरला नव्हता.