चार बोटं

"या पाचांतल्या एका ग्लासात आपल्या वरच्या उतारावरची बारा वर्षं मुरलेली रेड वाइन आहे," नवा मालक म्हणाला. "बाकीच्या चारांत बाजारातली. तुम्ही ओळखलीत, तर आणखी पाच वर्षं हे तळघर तुमच्याकडे आणि राहतं घरही. नाही ओळखलीत, तर मग मला दुसरा माणूस बघावा लागेल."

"बघा की," नाकसाहेब म्हणाले आणि बाह्या सरसावून खुर्चीत बसले.

मळ्यावर सगळे त्यांना नाकसाहेबच म्हणत. नुसत्या वासावरून ते पिंपाचं साल सांगायचे, द्राक्षं डोंगराच्या कुठल्या अंगाची तेही सांगायचे. ते नाक दोन वर्षांपूर्वीच्या एका तापात साफ गेलं, हे मात्र जगात दोघांनाच ठाऊक होतं. एक ते स्वतः आणि दुसरी त्यांची बायको.

बायको टेबलाच्या टोकाला वही उघडून बसली होती. नोंदी करायला बसते, असं सगळ्यांना वाटायचं. खरं काम ग्लासांचा ट्रे आणताना व्हायचं. तेवढ्या दहा पावलांत ती वास घ्यायची आणि मग वहीवर जितकी बोटं ठेवायची, त्या क्रमांकाचा ग्लास बरोबर. इतकी वर्षं नवऱ्याच्या पाठीमागे उभी राहून तिचंही नाक तयार झालं होतं. पहिल्या दिवशी ही युक्ती जमली, तेव्हा नवऱ्याचा पडलेला चेहरा बघवेना म्हणून ती म्हणाली होती, "मला तर बाई मजा आली."

मजा कसली! तळघराच्या बेचाळीस पायऱ्या होत्या. उतरताना गुडघे बोलायचे, चढताना कंबर. बारा महिने तिथे गारठा. मुलगी खाली शहरात राहायची. तिने तळमजल्यावरची एक खोली या दोघांसाठी रंगवून ठेवली होती आणि दर रविवारी फोनवर एकच विचारायची, "आई, कधी येताय?" आई म्हणायची, बघू. तळघर सुटलं तर हा माणूस हाय खाईल, ही भीती तिच्या मनातून जात नव्हती.

आजही मघाशी तिने तसाच ट्रे आणला होता. दुसऱ्या ग्लासाचा वास तिने तत्काळ ओळखला. मनुका, जुनं लाकूड आणि मागे कुठेतरी ओली माती. त्यात शंकाच नव्हती. ट्रे टेबलावर ठेवून ती बसली. आणखी पाच वर्षं, तिच्या मनात आलं. तिने वहीवर चार बोटं ठेवली.

नाकसाहेबांनी पाचही ग्लास एकेक करून उचलले, फिरवले, हुंगले. दुसरा जरा जास्त वेळ हातात राहिला, असं तिला वाटलं. मग त्यांनी तिच्या हाताकडे पाहिलं. नेहमीपेक्षा जरा अधिकच वेळ पाहिलं. तिने मान खाली घातली.

"चौथा," ते ठामपणे म्हणाले.

नव्या मालकाने खिशातली चिठ्ठी काढली, वाचली आणि तो ओशाळला. त्यालाही हे नको होतं, असं दिसलं. "काका, वयाचं असतं हो," तो म्हणाला. "मनाला लावून घेऊ नका. महिनाअखेरपर्यंत घर तुमचंच समजा." जाताना त्याने त्या जुन्या वाइनची उरलेली बाटली नाकसाहेबांच्या हातात दिली.

दोघं थांबत थांबत बेचाळीस पायऱ्या चढून वर आली.

घरी आल्यावर तिने सवयीने दूध तापत ठेवलं आणि बाहेरच्या खोलीत येऊन बसली. नाकसाहेबांनी दोन ग्लासांत वाइन ओतली. एक घोट घेऊन त्यांनी डोळे मिटले. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी चाखून थुंकून टाकलेली वाइन ते आज पहिल्यांदाच सावकाश, पोटभर पीत होते. चेहऱ्यावर राग नव्हता. तेच तिला सोसवेना. तिला रडू फुटलं, इतकं की नाक चोंदलं आणि श्वास तोंडाने घ्यावा लागला.

"अहो, मला माफ करा. मी मुद्दाम चुकीची खूण केली. आपला ग्लास दुसरा होता. मला नाही हो जमत आता. एकेक पायरी चढताना जीव जातो. पण म्हणून तुमचं असं चारचौघांत हसं करायला नको होतं. तीस वर्षांचं नाव मी एका मिनिटात घालवलं."

"आधी गॅस बंद कर," ते म्हणाले. "दूध करपतंय."

ती डोळे पुसत लगबगीने आत गेली. दूध अर्धं आटलं होतं, तळाशी काळं झालं होतं. तिने गॅस बंद केला आणि चिमटा हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग हळूहळू दारापर्यंत आली.

"तुम्हाला वास आला?"

"आला की."

"मग मघाशी... दुसरा ग्लास?"

"उचलल्या उचलल्या कळला. पण तू चार बोटं ठेवलीस. म्हटलं, दमली असेल. आपण चौथा म्हणूया."

ती दाराला टेकली. "कधीपासून येतोय वास?"

"गेल्या वर्षीच्या तोडणीपासून." त्यांनी बाटलीतली उरलेली वाइन तिच्या ग्लासात ओतली. "तेव्हाच सोडून मुलीकडे जाऊया म्हणणार होतो. पण तुला तिथे येऊन बसायला आवडतंय असं वाटलं, म्हणून राहिलो."