नळाचं कोमट पाणी

म्हाताऱ्या हालवरच्या टेबलावर त्याच्या मुलीचं पत्र एप्रिलपासून पडून होतं. 'आई गेली. आता ती कॅम्पर गाडी विका, बाबा, आणि हिवाळ्याआधी माझ्याकडे या,' असं सिग्नेने लिहिलं होतं. आपल्या हातून काहीतरी चुकीचं लिहिलं जाईल, या भीतीने त्याने उत्तर दिलंच नव्हतं.

ऑक्टोबरअखेर त्याने ती चाकांवरच्या घरासारखी गाडी थंडीसाठी बंद करायला घेतली. टाकी रिकामी केली, पाणी गोठून नळ्या फुटू नयेत म्हणून त्यांत न गोठणारं गुलाबी औषध भरलं आणि नळाला गुलाबी धार लागल्यावर हात पुसले. दुसऱ्या दिवशी त्याच नळाला स्वच्छ पाणी आलं. तेही कोमट.

त्याने सगळं पुन्हा केलं. मग तिसऱ्यांदा.

"अहो हालवर, किती पाजताय तिला?" शेजारचा ड्वेन कुंपणापलीकडून हसला. "झिंगेल ना गाडी!"

"आजचं शेवटचं," हालवर कंबर धरत म्हणाला.

चौथ्या सकाळी त्याने दाराच्या मुठीवर हात ठेवला, तोच आत नळ सुटला. कोणीतरी, त्याची बायको विसळायची तसाच, सावकाश एक कप विसळला, मग दुसरा. नळ बंद झाला.

त्याने दार उघडलं नाही. घरी येऊन त्याने लिहिलं, 'सिग्ने, मला येता येणार नाही. गाडी अजून रिकामी झालेली नाही.' पत्र रस्त्याकडेच्या आपल्या टपालपेटीत ठेवून, पोस्टमनने ते न्यावं म्हणून त्याने पेटीचा लाल झेंडा वर केला.