नाव सांगा

औषध देण्याआधी पेशंटचं नाव त्याच्याच तोंडून ऐकायचं, हा वॉर्डातला नियम सिस्टरच्या हाडीमाशी खिळला होता. म्हणून तर सलग चार दिवसांच्या डबल ड्युटीत डोळ्याला डोळा लागला नाही, तरी तिच्या हातून एक गोळी इकडची तिकडे झाली नव्हती.

पाचव्या दिवशी सकाळी ती घरी आली, तर आठ वर्षांची लेक तापाने फणफणलेली. शेजारच्या काकू रात्रभर उशाशी बसून नुकत्याच आपल्या घरी गेल्या होत्या. पायातल्या चपला न काढताच सिस्टरने तापाचं औषध घेतलं, बाटलीवरची तारीख वाचली, चमचा भरला आणि पलंगापाशी उभी राहिली.

"नाव सांगा," ती म्हणाली.

आई खेळतेय असं वाटून लेकीने हसत पूर्ण नाव सांगितलं.

"वय?"

"आठ."

"सोबत कोण आहे?"

लेकीचं हसू मावळलं. आईचे डोळे उघडे होते, पण ते तिच्याकडे बघत नव्हते.

"कोणी नाही," ती हळूच म्हणाली. "आई ड्युटीवर आहे."