दारापर्यंत

दोहा ते मनिला सव्वासात हजार किलोमीटर, विमानाने नऊ तास. फोनवर बघितलं की जवळच वाटतं. तरी मी चार वर्षांनी आले, तेही बाबा गेल्यावर. टोरोंटोहून भाऊ रविवारी पोचणार, म्हणून दफन थांबवलं होतं. माझं परतीचं विमान शनिवारी दुपारचं.

"दोघं आता आभाळातच भेटा एकमेकांना," आत्या म्हणाली.

शुक्रवारी शेजारची लुर्दिस घरी जायला निघाली. शवपेटीजवळ बसलेली आई सवयीने तिला पोचवायला उठली. आत्याने तिला हात धरून खाली बसवलं.

"मयताच्या घरात पाहुण्याला दारापर्यंत सोडायला जातात का? पाठोपाठ आणखी कुणी जायचं!"

आईने मान डोलावली.

शनिवारी मी बॅग उचलली. "येते गं, आई."

"अगं ऊठ, पोरगी निघाली," आत्या आईला हलवत म्हणाली. "ती काय पाहुणी आहे?"

मी चपला घातल्या, मागे वळून बघितलं.



आई जागची उठली नाही.