घरातली पाहुणी

"आई, एक ग्लास पाणी घेऊ का?"

आई भांडी घासत होती. ती गर्रकन वळली. "अगं घे की! विचारतेस काय?"

"तसं नाही, तुमचं घर आहे. विचारलेलं बरं."

एवढं बोलून पोरगी खोलीत पळाली आणि उशीत तोंड खुपसून पोट दुखेपर्यंत हसली. मग वही काढून लिहिलं, 'दिवस पहिला. आईला अहो-जाहो केलं. आईचा चेहरा बघण्यासारखा!'

झालं होतं असं, की समाजशास्त्राच्या तासाला न लिहिलेल्या नियमांवर चर्चा रंगली होती. रांगेत मध्ये घुसायचं नाही, लिफ्टमध्ये परक्याकडे टक लावून बघायचं नाही, असं काय काय. सरांनी विचारलं, "आणि घराचा नियम?" ही ताडकन उठली. "घर म्हणजे जिथं विचारावं लागत नाही, सर!"

मागच्या बाकावरून कुणीतरी टाळ्या पिटल्या. "वा, काय बोललात बाईसाहेब!"

"मग मोडून बघ," सर म्हणाले. "आठ दिवस स्वतःच्याच घरी पाहुणी म्हणून राहा. घरच्यांना पत्ता लागू द्यायचा नाही. वही चांगली झाली तर सगळ्या कॉलेजसमोर वाचू."

"हिची आई दुसऱ्याच दिवशी कान पिळून सगळं ओकायला लावेल," मैत्रीण म्हणाली. पैज लागली. मग काय, ही हट्टालाच पेटली!

दुसऱ्या दिवशी तिनं पंखा लावायची परवानगी मागितली. जेवल्यावर "फार छान झालं होतं, उगाच त्रास घेतलात" म्हणाली. आईनं हातातला घास तसाच ताटात ठेवला.

तिसऱ्या दिवशी आई तिच्या पलंगाशी येऊन बसली. "कुणी काही बोललं का गं तुला?"

हिला हसू आवरेना. ओठ चावत, मान खाली घालून ती म्हणाली, "नाही हो. माझं मलाच कळलं."

आई उठून बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ नळ सोडून बसली. हिनं लिहिलं, 'परकेपणाची भाषा वापरली की माणसं भांडत नाहीत, गप्प होतात.' वाक्य इतकं झकास जमलं, की तिनं त्याखाली दोन रेघा मारल्या.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे, घरीच, खिडकीपाशी टेबल टाकून. सातव्या दिवशी हिला वाटलं, वहीला जरा फोडणी हवी. ती टेबलासमोर हात बांधून उभी राहिली. "बाबा, खूप दिवस ठेवून घेतलंत. आता निघायला हवं मला."

बाबांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. चिमट्यातलं इवलंसं चाक निसटून जमिनीवर गेलं. कधी नव्हे ते त्यांनी वाकून शोधलंसुद्धा नाही.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही म्हणाल तेव्हा!"

बाबा फोन घेऊन जिन्यात गेले, दार ओढून घेतलं. 'वडिलांनी विरोध केला नाही,' हिनं लिहिलं आणि पुढे तीन उद्गारचिन्हं ठोकली.

आठव्या दिवशी ती कॉलेजातून उड्या मारतच घरी आली. पैज जिंकली होती! आता सगळं सांगून टाकायचं, आईच्या गळ्यात पडायचं, दोन धपाटे खायचे. दाराशी तिची निळी बॅग भरून ठेवलेली. आई आणि बाबा शेजारी शेजारी बसलेले, आईचे डोळे सुजून लाल.

"आई, अगं ऐक ना, गंमत..."

"आधी आमचं ऐक," बाबा म्हणाले. "तुला कुणी सांगितलं ते आम्ही विचारणार नाही. इतकी वर्षं लपवलं, चूक आमचीच. तुला जन्म दिला त्या बाईंना काल फोन केला. तासाभरात पोचतील, न्यायला."