गप्प म्हणजे ठीक

इंजिन सुरू झालं आणि पडद्यावरची रेघ पुन्हा कलली. विमान शेडमध्ये तीन चाकांवर सरळ उभं होतं. पडदा मात्र सांगत होता, डावीकडे झुकलोय.

"तीन हफ्ता से ऐसाच चलता है, उस्ताद," इंजिन बंद करून हमूद म्हणाला. हवाई दलातून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेला हा ओमानी माणूस. रुस्ताकबाहेरच्या त्या शेडमध्ये सहा वर्षं खपून त्याने हे दोन सीटांचं विमान स्वतःच्या हातांनी बांधलं होतं. चाळीस तास त्यात एकटा उडाला होता. येत्या शुक्रवारी मुलीला, शमसाला, शेजारी बसवून पहिली फेरी मारायची होती, आणि रेघ वाकडी! धुरळ्यात बाहेरचं क्षितिज दिसेनासं झालं, की त्या रेघेच्याच भरवशावर विमान सरळ ठेवायचं असतं.

हा उस्ताद म्हणजे मॅक्सिम, वसईचा. सोहारच्या एका कारखान्यात बारा वर्षं व्हायब्रेशन टेक्निशियन. पंखा, पंप, मोटर, काहीही थरथरलं की सेन्सरचा अलार्म वाजतो, लाइन थांबते आणि साहेबांचं डोकं फिरतं. मॅक्सिम यायचा, सेन्सरखाली रबर सरकवायचा, अलार्म गप्प. साहेब खूश. नेमकं थरथरतंय काय, ते शोधायला त्याला कुणी कधी पाठवलंच नाही. अशा कामात माणूस फार लवकर हुशार ठरतो.

इथेही त्याने तेच केलं. सीटमागच्या पत्र्यावर घट्ट बसवलेली, विमानाचा कल मोजणारी सेन्सरची डबी सोडवली आणि थरथर तिच्यापर्यंत पोचू नये म्हणून खाली मऊ रबराच्या चार चकत्या घातल्या. इंजिन चालू. रेघ सरळ. चाळीस तास नीट चाललेली वस्तू तीन आठवड्यांपूर्वीच का बिघडली, हा प्रश्न नवशिक्यालाही पडला असता. उस्तादला पडला नाही.

हमूदने त्याला मिठीच मारली. "पक्का?"

"मशीन चुप, तो सब ठीक," मॅक्सिम म्हणाला. "कुछ लगे तो मेसेज करना."

ओमानात सुट्टी शुक्रवारची, म्हणून वसईकरांचा रविवारही शुक्रवारीच. साडेसहालाच मॅक्सिमने फोन सायलेंट केला. मिस्सा चालू असताना फोन वाजलेला त्याच्या बायकोला, हेलनला, खपत नसे. माबेलाच्या घरून दोघं रुवीच्या चर्चला निघाली. हायवेवर गाडीतला आरसा खडखडू लागला. मॅक्सिमने पेट्रोलच्या पावतीची घडी केली आणि आरशामागे खुपसली. आवाज बंद.

"आरशाला कशाला गप्प करतोस?" हेलन म्हणाली. "हलतंय दुसरंच काहीतरी. आधी चाक बघ ना!"

तो हसला. मग त्याचं हसू मावळलं. त्याने गाडी कडेला घेतली. पुढच्या चाकाचे दोन नट नुसत्या बोटांनी फिरत होते.

मॅक्सिम तिथेच रस्त्याकडेला उकिडवा बसला. त्या विमानातही काहीतरी सुटत चाललं होतं. डबी तीन आठवडे तेच ओरडून सांगत होती आणि त्याने तिच्या तोंडात रबर कोंबलं होतं.

त्याने हमूदला फोन लावला. नुसती रिंग. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा कुणीतरी उचलला. आवाज अनोळखी होता, मागे माणसांचा आरडाओरडा.

"भाई, ये फोन खजूर के बाग में मिला. जहाज गिरा है. इंजिन टूट के उधर दूर पडा है."

"उसमें... दो लोग थे?"

"थे."

फोन कट झाला. पडद्याच्या कोपऱ्यात पाकिटाचं चिन्ह होतं. मघाशी घाईत त्याकडे लक्षच गेलं नव्हतं. हमूदचे दोन मेसेज.

पहिला, सहा पन्नासचा: "लाइन सीधा है, उस्ताद. लेकिन पैर के नीचे बहुत काँपता है. उडूँ क्या?"

दुसरा, सात वाजून पाच मिनिटांचा: "तुम चुप है, तो सब ठीक. यल्ला, उडता हूँ."